अकरा नंबरची बाटली

बावीस वर्षं मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, त्या भरणारा, आणि एखादी फुटली की कोणी फोडली हे चेहऱ्यावरून ओळखणारा. इतक्या वर्षांत माझं पद होतं तिथेच राहिलं, शहाणपण मात्र बेसुमार वाढलं. नवे प्राध्यापक रुजू झाले की पहिल्याच दिवशी मी त्यांना ऐकवायचो, "सर, पुस्तकात काय हवं ते असू द्या, आपल्या लॅबमध्ये असं असतं." ते बिचारे मान डोलवायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी कायम दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

तर यंदा सहायकाची एक जागा निघाली. सहायकाला हात असलेली खुर्ची मिळते, साठ्याच्या कपाटाची किल्ली मिळते, आणि लोक त्याला "ए, ती बाटली आण" न म्हणता "अहो, जरा ती बाटली द्याल का" म्हणतात. खुर्चीचं मला फारसं काही नव्हतं. किल्ली तर आताही माझ्याच खिशात असते. पण त्या "अहो"साठी माझा जीव टांगणीला लागला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला बायकोखेरीज आणखी कोणीतरी "अहो" म्हणावं, यात काही वावगं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

उमेदवार दोनच होते. एक मी, आणि दुसऱ्या म्हणजे खालच्या मजल्यावरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या परिचर. त्यांना सगळं कॉलेज ताई म्हणतं, त्यांच्याहून मोठा असूनही मीसुद्धा म्हणतो. परीक्षा तशी साधी होती. टेबलावर रोजच्या वापरातले वीस पदार्थ मांडायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं, मूलद्रव्य, संयुग की मिश्रण. दोघांना सारखे गुण पडले तर ज्याची सेवापुस्तिका स्वच्छ त्याला जागा. ताईंच्या पुस्तिकेत एक मेमो होता. माझी पुस्तिका आरशासारखी लख्ख. म्हणजे मी वीसपैकी वीस मिळवले की ताईंनी काहीही केलं तरी जागा माझी.

आठवडाभर बायकोने माझी तयारी करून घेतली. आमच्याकडे ही विद्या मला येते आणि पुस्तक तिच्या हातात असतं.

"मीठ?"

"संयुग."

"पुडीतलं म्हणतेय मी. त्यात आयोडीन घालतात."

"मग मिश्रण. पण परीक्षेत मीठ म्हणजे संयुगच."

"साखर संयुग, दूध मिश्रण, हे बरोबर आलं. पेन्सिलीतलं शिसं?"

"मूलद्रव्य. कार्बन. हे काय विचारणं झालं?"

"इथे मिश्रण लिहिलंय. त्यात माती असते म्हणे."

"पुस्तक चुकलंय."

"असेल. पण परीक्षा कोणाची आहे, पुस्तकाची की तुमची?" ती म्हणाली, आणि मी मुकाट्याने माती कबूल केली. मग पुस्तक मिटून तिने विचारलं, "आणि मी कोण?"

"संयुग," मी म्हणालो. "मिश्रण असतीस तर मी तुला कधीच गाळून घेतली असती."

ती हसली, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी खिसा असलेला नवा शर्ट आणला. सहायकाला पेन ठेवायला खिसा लागतो, असं तिचं म्हणणं.

आता जे सांगायचं ते सांगतो. सात वर्षांपूर्वी आमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल जळाली. हे यंत्र नळाचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करतं आणि शुद्ध पाणी देतं, ज्यात क्षार नाहीत, काही नाही. मी नव्या कॉइलसाठी मागणीपत्र लिहिलं. ते पंधरा दिवसांनी परत आलं, "कारण नमूद करावे." मी कारण नमूद केलं, "जळाली." ते पुन्हा परत आलं, "कशामुळे?" तिसऱ्यांदा लिहायचा मला कंटाळा आला, आणि त्याच दुपारी पंचवीस मुलांचं प्रॅक्टिकल होतं. मी मोठी बाटली नळाखाली धरली. एका दिवसापुरती.

त्या दिवशी काहीच झालं नाही. मुलांनी प्रयोग केले, सरांनी सह्या केल्या, आकाश कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मी बाटलीवर नवं लेबल लावलं: डिस्टिल्ड वॉटर, भरल्याची तारीख, माझी सही. पुढे दर सोमवारी ताजी तारीख घातली. तारीख मात्र मी एकदाही खोटी घातली नाही, याचा मला अभिमान वाटायचा. माणूस अभिमान कशाचा धरेल याचा नेम नाही.

एकदोनदा गोत्यात आलो. सिल्व्हर नायट्रेट शुद्ध पाण्यात घातलं तर पाणी नितळ राहतं, नळाच्या पाण्यात घातलं तर ते दुधासारखं होतं. एका वर्गाची सगळीच्या सगळी भांडी दुधाळली. मुलं माझ्याकडे बघायला लागली. "भांडी नीट धुता का रे?" म्हणून मीच त्यांच्यावर डाफरलो, आणि त्यांना भांडी पुन्हा विसळायला लावली. त्याच पाण्याने. मुलांना वाटलं चूक आपलीच. पुढे विभागप्रमुख सर एका पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या लॅबचं पाणी म्हणजे एक नंबर." मी दारात उभा होतो. माझी मान ताठ झाली, देवाशपथ सांगतो. सात वर्षांत माझं मलाच इतकं खरं वाटायला लागलं होतं की तहान लागली तर मी ती बाटली टाळून माठातलं पाणी प्यायचो. शुद्ध पाणी पिऊ नये, अंगाला लागत नाही, असं इतरांनाही सांगायचो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण यंत्र आमच्याकडे एकच, म्हणून जीवशास्त्रालाही पाणी आमच्याकडूनच जायचं. ताई दर सोमवारी बाटली घेऊन यायच्या. सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड त्या पाण्याने धुतात आणि वाळवतात. सहा वर्षांपूर्वी त्या एका वाळलेल्या स्लाइडसकट वर आल्या.

"दादा, या बघा. सगळ्या स्लाइडवर पांढरी वर्तुळं उमटतायत. पाणी नीट आहे ना?"

मी स्लाइड उजेडात धरली. वर्तुळं स्पष्ट दिसत होती. पाणी उडून गेलं होतं आणि क्षार मागे राहिले होते. शाळेतल्या मुलालाही कळावं असं ते चित्र होतं.

"पाण्याला काय धाड भरलीय?" मी म्हणालो. "काच नीट पुसत जा."

पुढच्याच महिन्यात तपासणी समिती आली. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ताईंना मेमो मिळाला: स्लाइड अस्वच्छ, कामात निष्काळजीपणा. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. उद्या जाऊन सांगायचं, असं ठरवून मी झोपलो. सकाळी उठून मी विचार केला की आता मेमो निघूनच गेलाय, सांगून काय उपयोग. हा विचार मला फार समंजस वाटला आणि मी पोटभर नाश्ता केला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक साहेब आले. हातात बंद लिफाफा. त्यात वीस पदार्थांची यादी आणि अट, की नमुने प्रयोगशाळेच्या अधिकृत साठ्यातूनच घ्यावेत. आता कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे हे त्या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं. तेव्हा ज्याची परीक्षा त्यानेच टेबल मांडायचं, असा आमच्याकडचा न्याय. मी आणत होतो, ताई ओळीत लावत होत्या. तांब्याची तार, गंधक, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, पितळेची किल्ली, गंज, टूथपेस्ट. यादीतलं सगळं मला तोंडपाठ होतं. मी मनातल्या मनात शर्टाच्या खिशाला पेन लावत होतो.

"अकरा," साहेबांनी वाचलं. "डिस्टिल्ड वॉटर."

समोरच्या गॅरेजमध्ये गाडीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं. तीन मजले खाली, रस्ता ओलांडायचा, तीन मजले वर. पोट सांभाळत बारा मिनिटं. मी दाराकडे पाहिलंही. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मी आणते, ती काय समोरच्या फळीवर," आणि माझी सही असलेली बाटली अकराव्या जागी येऊन बसली.

टेबलावर चुंबक, बर्नर, कोऱ्या स्लाइड ठेवल्या होत्या. तपासायचं असेल त्याने तपासावं. मी कशाला हात लावतोय! मी खुर्चीत बसून दहा मिनिटांत एकोणीस उत्तरं लिहिली. अकराशी थांबलो. शुद्ध पाणी म्हणजे संयुग. नळाचं पाणी म्हणजे मिश्रण. बाटलीत काय आहे हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि नेमकं मला एकट्यालाच ते लिहिता येत नव्हतं. खरं लिहिलं तर उत्तर साहेबांच्या लेखी चूक, आणि का चूक हे सांगायला गेलो तर सात वर्षं बाहेर. मी "संयुग" लिहिलं. अक्षरही सुरेख आलं.

ताई सावकाश चालल्या होत्या. अकरा नंबरशी त्यांनी एक थेंब स्लाइडवर घेतला, बर्नरच्या आचेवर दुरून धरला, पाणी उडेपर्यंत वाट पाहिली. मग स्लाइड तशीच कागदाशेजारी ठेवून त्यांनी उत्तर लिहिलं.

साहेबांनी तिथेच कागद तपासले. माझे वीस. ताईंचे एकोणीस.

"ताई, अकरा कसं चुकलात?" साहेब हसून म्हणाले. "डिस्टिल्ड वॉटर मिश्रण?"

"साहेब, हे डिस्टिल्ड वॉटर नाही."

"लेबल तर आहे."

"लेबल आहे," ताई म्हणाल्या.

साहेबांनी बाटली उचलली, सही वाचली, माझ्याकडे वळले. "अहो, ही सही तुमची ना? हे डिस्टिल्ड वॉटरच आहे ना?"

आयुष्यात ज्या "अहो"ची वाट पाहिली ते असं, अशा वेळी आलं. माझं तोंड माझ्याआधी बोललं. "हो साहेब. परवाच्या सोमवारी भरलंय."

ताईंनी ती स्लाइड उचलली, खिशातून रुमाल काढला आणि पुसायला लागल्या. पाठ, पोट, पुन्हा पाठ. वर्तुळ जात नव्हतं. त्या चिडून पुसत नव्हत्या. रोजचं काम करावं तशा पुसत होत्या, आणि मला कळलं की मी सांगितल्यापासून ही बाई सहा वर्षं अशीच काचा पुसते आहे. मला लाज वाटली. आधीही वाटायची, पण ती रात्री वाटून सकाळी जाणारी होती. ही जाईना.

"साहेब," मी म्हणालो, "ते नळाचं पाणी आहे."

कोणीच ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण पटलं कोणालाच नाही. परीक्षा बघायला थांबलेले विभागप्रमुख सर लगबगीने पुढे आले. त्यांचे दोन लेख याच पाण्याच्या जोरावर छापून आले होते. "परीक्षेचं टेन्शन," ते साहेबांना म्हणाले. "आमचा माणूस फार प्रामाणिक आहे, ताईंचा गुण जाऊ नये म्हणून बोलतोय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "घरी जा, आराम कर."

आता मात्र माझं डोकं फिरलं. सात वर्षं खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि एकदा खरं बोलतोय तर मला आजारी ठरवतात! मी कपाटातून सिल्व्हर नायट्रेटची काळी बाटली काढली. ती कंपनीतून तयार येते, तिला माझा हात लागलेला नसतो. परीक्षानळीत अकरा नंबरचं पाणी घेतलं आणि दोन थेंब सोडले. नळी दुधाळली. माझ्या हातचा एवढा यशस्वी प्रयोग त्या खोलीत पूर्वी झाला नव्हता.

सर खाली बसले. साहेबांनी नळी उजेडात धरली, मग माझा कागद घेतला, अकराच्या उत्तरावर काट मारली, ताईंच्या कागदावरची काट खोडली. एकोणीस आणि वीस. "तुमच्याबद्दल वेगळा अहवाल जाईल," ते मला म्हणाले. या वेळी "अहो" नव्हतं.

बायकोचा फोन आला तेव्हा मी बेसिनपाशी ती बाटली, तिच्यात सातही वर्षांचं पाणी असल्यासारखी, उपडी करत होतो.

"किती?"

"एकोणीस."

"आणि ताई?"

"वीस."

"खरंच वीस, की तुम्ही दिले?"

"खरंच वीस. मीच त्यांचे घेतले होते." आणि मी तिला सगळं सांगितलं, कॉइलपासून. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सात वर्षं माझ्याशीही बोलला नाहीत?" त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

फोन ठेवला तर ताई दारात उभ्या होत्या. मी हात पुसले आणि माफी मागितली, धड जमली नाही, पण मागितली. मग विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"मेमो मिळाला त्याच आठवड्यात. घरी नळाचं पाणी स्लाइडवर वाळवून पाहिलं. तेच वर्तुळ."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? तुमची स्वच्छ सेवापुस्तिका, माझ्याकडे ताजा मेमो. म्हणाले असते, स्वतःचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतेय." त्या आत आल्या, स्टूल ओढून बसल्या. "शिवाय तुम्ही स्वतःच सांगाल असं वाटायचं. दर सोमवारी बाटली घेऊन वर यायचे ना, तेव्हा वाटायचं, आज सांगतील."

मी मनातल्या मनात सोमवार मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

"माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी लिहून द्या. माझ्या फाइलला लागेल."

मी कागद घेतला. मागणीपत्रं लिहिण्यात माझी हयात गेली, पण या दोन ओळींनी घाम फोडला. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "सहा वर्षांपूर्वी मी जीवशास्त्र विभागाला डिस्टिल्ड वॉटरऐवजी चुकून नळाचे पाणी दिले. स्लाइडवरील डाग त्यामुळे पडले. त्यात ताईंचा काहीही दोष नव्हता." मला ते बरं जमलं आहे असं वाटलं. प्रामाणिक, आणि तरीही माणसाचा थोडा आब राखणारं.

ताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. कागद माझ्यापुढे सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"'चुकून' काढा."

"अहो ताई, पण पहिल्या दिवशी तरी खरंच फक्त त्या दिवसापुरतं..."

"पहिल्या दिवसाचं मला माहीत नाही. मी स्लाइड घेऊन तुमच्यासमोर उभी होते, त्या दिवसाचं लिहून मागतेय."

मी 'चुकून' खोडलं. वर 'माहीत असताना' लिहिलं, शेजारी सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.